आंघोळ न घालता आणा

पुणतांबा
२५ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप आत्यांना भारतीचा नमस्कार.

फोन उचलायचा आणि माझा आवाज ऐकला की ठेवून द्यायचा, हे तुमचं चाललंय ते चालू द्या. मी पत्र लिहिते. तुम्ही रागाने फाडाल, पण वाचून झाल्यावर फाडाल. भेळेच्या पुड्याचा कागदसुद्धा तुम्ही उलगडून दोन्ही बाजूंनी वाचता, हे मला लग्न होऊन आल्यापासून माहीत आहे.

रुसून माहेरी सुना जातात. आमच्याकडे सासू गेली, आणि तीही जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मिरजगावला भावाकडे. पुणतांब्यात सध्या दुसरा विषय नाही. देवळाच्या ओट्यावर बायका मला बघून गप्प होतात आणि मी पुढे गेले की पुन्हा सुरू होतात. तुमचे चिरंजीव पेरूच्या बागेतून घरी यायला मुद्दाम उशीर करतात, कारण घरी आलं की मी तुमच्याविषयी बोलते आणि तुमच्याशी फोनवर बोलावं तर तुम्ही माझ्याविषयी बोलता.

आता मुद्द्याचं सांगते. तुमच्या नातीच्या, संस्कृतीच्या दुखण्याला नाव मिळालं. लहान मुलांचा संधिवात. इंग्रजी नाव लांबलचक आहे, ते फाइलवर आहे. म्हातारपणी गुडघे झिजतात तो प्रकार हा नव्हे. अंगातली जी ताकद रोगाशी लढायची, ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि सांधे सुजतात. सात वर्षांच्या पोरीलाही होतो, दोन वर्षांच्यालाही होतो. तेव्हा ते नाटक नव्हतं, शाळा चुकवणं नव्हतं, कुणाची नजर लागली नव्हती, आणि ‘आईनं लाडावून ठेवलीया’ हे तर मुळीच नव्हतं.

नगरला डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी रडले नाही. माझी मान ताठ झाली. वर्षभर सगळ्यांनी मला वहमी बाई ठरवलं होतं. एकाने प्लॅस्टर घातलं, ते काढलं तेव्हा गुडघा आणखीच आखडलेला. मग हाड बसवणाऱ्याचा लेप झाला. दुखणं हाल्याला नि औषध पखालीला! एक डॉक्टर म्हणाले वाढीचं दुखणं आहे, आणि एकजण तर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘बाई, मुलीपेक्षा तुम्हालाच विश्रांतीची गरज आहे.’

पण त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. आपण पोरीला दाखवायला न्यायचो कशी? तुम्ही बंब पेटवणार, तिळाचं तेल कोमट करून पोरीचा सांधा न् सांधा चोळणार, कढत पाण्याने न्हाऊ घालणार. मग दोन वेण्या, पावडर, काजळ, इस्त्रीचा फ्रॉक. दवाखान्यात जायचं म्हणजे जणू लग्नाला जायचं. मालनबाईच्या ओट्यावर माशीसुद्धा पाय पुसून बसते, तिची नात डॉक्टरपुढे पारोशी कशी जाणार? दहा वाजेपर्यंत पोरगी मोकळी होऊन दवाखान्याच्या बाकावरून उड्या मारायची, आणि मी सांगत बसायची की ही सकाळी रांगत मोरीपर्यंत जाते. कोण विश्वास ठेवणार?

श्रीरामपूरच्या बालडॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, ‘उठल्या उठल्या कशी असते?’ मी मोबाईलवर काढलेलं दाखवलं. ‘मग आता एवढी बरी कशी?’ मी म्हटलं, आजी शेकते. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, लहान मुलांच्या सांध्यांच्या डॉक्टर वेगळ्या असतात, पुण्याच्या आहेत, महिन्यातून एकदा नगरला येतात, त्यांना दाखवा. ‘आणि आंघोळ न घालता आणा. तेल नको, शेक नको. झोपेतून उठेल तशीच आणा. सांध्याची सूज मोबाईलमध्ये हाताला लागत नाही.’

हे मी तुम्हाला नगरला जायच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं आणि तरीही पहाटे बंब पेटवला. पोरगी अंथरुणातून हात पुढे करून रडत होती, ‘आजी, पाणी टाक ना.’ टेम्पो दारात चालू. तुम्ही तांब्या भरून उंबऱ्यात उभ्या. ‘आगं, लेकराला आसं घानेरडं न्हेती व्हय? लोकं म्हन्तील, मालनबाईच्या घरात पानी न्हाई! तिला सुख देणारं पानी तोडती, तू आई हायस का कोन हायस?’

मी तुमच्या हातातला तांब्या हिसकावला. हिसकावला हे खरं आहे, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा हिसकावीन.

नगरपर्यंत ती माझ्या मांडीवर गोधडीत होती. पाय हलवला की कळवळायची. डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या आणि तिच्याजवळ खाली गुडघ्यावर बसल्या. केस पिंजारलेले, डोळ्यांत चिपडं, अंगात रात्रीचा फ्रॉक, पण त्यांनी नाक मुरडलं नाही. एकेक बोट चाचपलं, मनगटं, घोटे, जबडासुद्धा. मग तिला सपाट निजवलं आणि डाव्या गुडघ्याखालून हात सारला. गुडघा टेकतच नव्हता, हात आरपार गेला. त्यांनी विचारलं, ‘रोज असंच?’ पोरीने सांगितलं, ‘आजी पाणी टाकते, मग बरं होतं.’

त्यावर डॉक्टरीणबाई काही बोलल्या. ते मी आज लिहिणार नाही, मलाही राग आहे.

औषध सुरू झालं आहे. पेरूची तोड चालू आहे. पुंजाराम मामांना नमस्कार.

भारती


पुणतांबा
१९ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप आत्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण मामांनी ह्यांना सांगितलं की पत्र फाडलेलं नाही, उशीखाली आहे. तेवढं मला पुरे आहे.

संस्कृतीच्या गुडघ्यात इंजेक्शन दिलं, तिला थोडी भूल देऊन. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या आहेत, त्यांचा वार चुकवायचा नाही. मधूनमधून रक्त तपासायचं. आणि एक नवल ऐका. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही पाठवलं होतं. या दुखण्यात डोळ्याच्या आत सूज येते; डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पोराला कळतही नाही, आणि नजर जाते. मी तर ऐकूनच गार झाले. देवाच्या कृपेने डोळे स्वच्छ निघाले, पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

सूज उतरली, पण गुडघा अजून सरळ होत नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की औषध सूज काढेल, वाकलेला पाय औषध सरळ करणार नाही. रोज सकाळी गरम पाण्यात सांधे सैल करायचे आणि पाय हळूहळू ताणायचा. चालढकल केली तर पाय वाकडाच राहील आणि पोरगी जन्मभर लंगडेल.

व्यायाम कसा करायचा ते मला दाखवलं, कागदावर चित्रंही दिली. घरी आल्यावर काय झालं, ते लिहायला मला जड जातंय. पोरगी मला हात लावू देत नाही. पाणी पोळतं म्हणते, दुसरं ओतलं तर गार म्हणते. पाय धरला की आधीच ओरडते. काल तिने माझ्या हाताला चावा घेतला. मी तिला एक चापट मारली, आणि मग आम्ही दोघी मोरीत बसून रडलो. ह्यांनी प्रयत्न केला तर ती बापाच्या गळ्यात पडली आणि बाप विरघळला. त्यांचा काही उपयोग नाही, ते तुमच्यावर गेलेत, वरून कडक आणि आतून लोणी.

म्हणून मागच्या पत्रात जे ठेवून घेतलं होतं ते आज लिहिते. पोरीने ‘आजी पाणी टाकते’ म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, ‘आजी आल्या आहेत का?’ मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘औषधाशिवाय वर्ष काढलंय या मुलीने. मी अशी मुलं पाहिलीत ज्यांचे पाय पार मुडपून गेलेत. हिचा एवढाच वाकला, कारण रोज सकाळी कुणीतरी हिचे सांधे हलवत होतं. त्यांच्या पाण्याने दुखणं झाकलं हे खरं, पण त्यांच्याच हाताने पोरगी वाचवली हेही खरं.’

टेम्पोत बसल्यावर ह्यांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, दुखण्याचं नाव. बाकी काही सांगितलं नाही. वर्षभराने माझा शब्द खरा ठरला होता, त्यात वाटेकरी नको होता.

तुम्हाला या म्हणत नाही. तुमचा पीळ मला माहीत आहे आणि माझा तुम्हाला. पण तुम्ही काय करत होता ते मला शिकवा. पाणी किती कढत, पाय कुठे धरायचा, आधी कुठला सांधा. तिला माझ्या हातात गप्प कसं बसवायचं तेही.

भारती


पुणतांबा
१६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप आत्या,

संक्रांत झाली. तिळगूळ पाठवलाय. ‘गोड बोला’ म्हणणार होते, पण तुम्ही अजून माझ्याशी बोलतच नाही, तेव्हा गोड की कडू हा प्रश्नच येत नाही.

गेले तीन आठवडे आपल्या मोरीत जे चाललंय त्याची गावाला तिकीट लावून मजा दाखवता येईल. सकाळ झाली की मामांच्या मोबाईलवरून तुमचा व्हिडिओ फोन येतो. संस्कृती तो खिडकीत उभा करते. परकर खोचून ती पाटावर बसते, घमेल्यात पाय सोडते, समोर मी, आणि वरून तुमचं अर्धं कपाळ दिसतं. आत्या, मोबाईल थोडा खाली धरत जा.

आणि तुम्ही कुणाशी बोलता? संस्कृतीशी!

‘संस्कू, तुज्या आईला म्हनावं, पान्यात कोपर घालून बघ. बोटाला काय कळतंय?’

‘संस्कू, तुज्या आईला सांग, गुडगा वरनं दाबू नगं. टाच धर, टाच.’

पोरगी तोंड फिरवून मला तेच सांगते, शब्द न् शब्द, तुमच्याच ठसक्यात. मी तिला म्हणते, ‘आजीला विचार, आधी घोटा का आधी गुडघा?’ मग ती वर बघून विचारते. फोनपासून दोन हातांवर मी बसलेली, तुम्हाला माझा आवाज ऐकू येतोय, तरी मधे दुभाषी लागतोच. ह्यांना परवा हसू आवरेना, ते उठून बागेत गेले.

पण तुमच्या त्या प्रवासाच्या खेळाला तोड नाही. पाय थोडा लांब केला की नगरच्या वाटेवरचं राहाता. अजून लांब की कोल्हार. टाच पार पुढे गेली, गुडघा सरळ झाला की नगर. ‘आज कुठवर जायचं गं? राहात्याला उतरती का कोल्हारला?’ म्हणून तुम्ही विचारता आणि दात ओठ खाऊन पोरगी म्हणते, ‘कोल्हार!’ दुखतं तिला, मला टाचेत कळतं, पण मधेच उतरायला ती तयार नसते. हे सगळं तुम्ही वर्षभर करत होता आणि मला वाटायचं नुसती आंघोळ चाललीय. चित्रांच्या कागदावर जे जे आहे ते सगळं तुमच्या खेळात आहे, वर पोरगी हसतेही. मला तुमचा अभिमान वाटला. तोंडावर कधी म्हणता आलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

काल कोल्हार ओलांडून राहुरीपर्यंत गेली. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मोबाईल खाली पडला आणि आम्हाला मामांच्या घराचं नुसतं आढं दिसत राहिलं. मागून तुमचा आवाज आला, ‘भारते, तिला टावेलानं कोरडी कर लवकर, गार वारं लागंल!’

चुकून बोललात. मी ऐकलं.

भारती


पुणतांबा
१० मार्च २०२५

तीर्थस्वरूप आत्या,

शनिवारी नगरला जाऊन आलो. फोनवर तुम्हाला थोडक्यात कळलंय, पण हे सविस्तर लिहायचंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला सपाट निजवलं आणि डाव्या गुडघ्याखाली हात सारायला गेल्या. हात गेला नाही. बोटं घालून बघितली, बोटंही गेली नाहीत. गुडघा टेकला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं, ‘तुम्हीच बघा.’ मी बघितलं, ह्यांनी बघितलं, मग संस्कृतीने स्वतः वाकून बघितलं आणि जाहीर केलं, ‘नगर आलं!’ डॉक्टरीणबाईंना काही कळेना. मग तिनेच त्यांना सगळा रस्ता सांगितला, राहात्यापासून. त्यांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, ‘हा रस्ता मी पुण्याच्या मुलांनाही शिकवणार.’

दुखणं संपलेलं नाही, हे मी स्वतःलाही बजावते. गोळ्या चालू राहतील, डोळे दाखवत राहायचे, पुन्हा कधी सूज येऊ शकते. पण पाय सरळ आहे. सकाळी उठते आणि आपल्या पायाने मोरीत जाते. मागच्या सोमवारी शाळेत प्रार्थनेला सगळ्यांबरोबर मांडी घालून बसली आणि एकटीनेच उठली. बाईंनी मला बोलावून सांगितलं. मी शाळेच्या दारातून घरापर्यंत जी चालत आले, आत्या, लोकांनी वळून बघितलं असेल. आपली पोरगी आहे, आपण उभी केली, असं मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं.

अजून एक ऐका. दवाखान्यात आमच्या आधी कोल्हारच्या छबूबाई बसल्या होत्या, नातू मांडीवर. ओम त्याचं नाव. पोराच्या अंगाला तेलाचा वास, तोंडाला पावडर, डोळ्यांत काजळ, गालाला तीट. मी लांबूनच ओळखलं. जवळ जाऊन बसले आणि विचारलं, ‘मावशी, सकाळी कढत पाण्यानं शेकलंत का?’

‘मंग! डॉक्टरकडं न्यायाचं म्हनल्यावर. लेकरू रातच्याला लई कन्हतंय, पन दवाखान्यात आलं की हासतंय. चार दवाखानं झालं. डॉक्टर म्हन्त्यात, आजीबाई, तुमालाच भास हुतोय.’

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी त्यांना सांगितलं, आत जाल तेव्हा हे आधी सांगा, की शेकून आणलाय. आणि पुढच्या वेळी पारोसाच आणा, तसाच उचलून. त्या म्हणाल्या, ‘आसं कसं न्यावं गं? लोकं काय म्हन्तील?’ मी म्हटलं, ‘माझ्या सासूबाईही हेच म्हणाल्या होत्या. पण घरी रोजची आंघोळ सोडू नका हं. ती औषधच आहे.’

‘तुला कुनी शिकिवलं ह्ये समदं?’

मी म्हटलं, ‘माझ्या सासूबाईंनी. पुणतांब्याच्या मालनबाई.’

बाकावरच्या सगळ्या बायका ऐकत होत्या. मी मुद्दामच मोठ्याने म्हटलं. त्यात एक मिरजगावची होती, ती विचारत होती मालनबाई कुठे भेटतील. मी तुमचा पत्ता देऊन टाकला. तेव्हा एखादी बाई कडेवर लेकरू घेऊन दारात आली तर दचकू नका, तिला टाच कुठे धरायची ते दाखवा. दवाखान्यातली मुलगी आता फोनवर नंबर लावून घेतानाच सांगणार आहे, ‘आंघोळ न घालता आणा.’

आता तुमच्यामाझ्याविषयी. तांब्या हिसकावल्याबद्दल मी माफी मागणार नाही. तुम्हीही मागू नका. त्या पहाटे आपण दोघी एकाच पोरीसाठी भांडलो, आणि भांडायला अशी सासू मिळाली हे माझं नशीबच. घर तुमच्यावाचून सुनं आहे. ओटा रोज धुते मी, पण माश्या बिनधास्त बसतात.

माहेरवाशिणीला सासरी आणायला मुराळी लागतो. सून सासूला न्यायला आली अशी रीत कुठे नाही, आणि पोटचा मुलगा न्यायला आला तर तुम्ही त्यालाच चार दिवस ठेवून घ्याल. म्हणून घरात विचार झाला. एकीने हट्ट धरला की मुराळी मीच. नवा फ्रॉक काढून ठेवलाय. रविवारी सकाळी आम्ही निघतो.

तेवढी एक विनंती तिच्या वतीने. मामांच्या घराचं जोतं उंच आहे, दगडी पायऱ्या चढून यावं लागतं. दिवाळीत तुम्ही तिला कडेवर वर नेली होती. टेम्पोचा आवाज आला की तुम्ही धावत खाली याल, मला माहीत आहे. येऊ नका. मामांनाही येऊ देऊ नका. वर उंबऱ्यात उभ्या राहा, रडायचं असेल तर रडा, पण हात पुढे करू नका. ती म्हणते, कुणी धरायचं नाही, मी चढून येणार आहे.

तुमची,
भारती